उजवीकडची बरणी

नवऱ्याला ठाऊक नाही, माझ्यासोबत लॅबमध्ये बसणाऱ्यांनाही नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय — आणि सांगताना माझा मलाच संताप येतोय.

मी नाशिकच्या एका मलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. शहर संडासात आणि मोरीत जे ओततं, ते आमच्याकडे येतं. टाकीत घेऊन आम्ही ब्लोअरने त्यात हवा सोडतो, त्या हवेवर जगणारे जंतू घाण खातात, गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी गोदावरीत जातं. चांगलं काम आहे हो हे! सकाळी गोदेला हात जोडणारे लोकच जळकं तेल मोरीत ओततात, आणि आमच्या फाटकाशी आले की नाकाला रुमाल लावतात. घाण कुणाची आहे ती? पण लोकांवर तोंडसुख घेणं सोपं आहे. माझं सांगते.

पाहुण्यांसाठी लॅबच्या टेबलावर दोन बरण्या असतात. डावीकडे आलेलं काळं पाणी, उजवीकडे शुद्ध करून सोडलेलं. आता खरं म्हणजे ते शुद्ध पाणीही किंचित पिवळसर दिसतं. नदीला चालतं, माशांना चालतं — पाहुण्यांना चालत नाही. "हे शुद्ध?" म्हणून तोंड वाकडं करतात. म्हणून मी — हो, मीच, मला कुणीही सांगितलं नव्हतं — उजव्या बरणीत पिण्याच्या कूलरचं पाणी भरू लागले.

मग एकदा ब्लोअर बिघडला आणि दुरुस्तीला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गेला. हवा नाही म्हणजे जंतू मरतात. पाणी जवळजवळ जसंच्या तसं नदीत चाललं होतं. मला माहीत होतं, रोज मीच तपासत होते.

त्याच दिवसांत हिराबाई आल्या. केंद्राच्या खालच्या अंगाला, नदीकाठी त्यांचं गाव. मेथी-कोथिंबीर लावायच्या, जुड्या नदीत धुऊन बाजारात न्यायच्या. हातात नदीच्या पाण्याची बाटली, सोबत गावातल्या सात-आठ बायका आणि सह्या-अंगठ्यांचा तक्रारअर्ज. बाटली माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "मॅडम, हे पाणी तुमचंच हाय. हात बघा माझे." हातांची सालं निघत होती.

आणि मी काय केलं? त्यांना टेबलाशी नेऊन हवा, जंतू, गाळ सगळं समजावलं आणि उजवी बरणी दाखवली. तेवढ्यावर थांबले का? नाही! सगळ्या बायकांसमोर सुनावलं — आमचं पाणी असं जातं, घाण तुमच्याच गावच्या गटारीची असणार, आधी ती बघा आणि मग आरोप करा. चांगला आवाज चढवून सुनावलं. हिराबाईंनी बरणीकडे पाहिलं, बाटली पदराआड घेतली आणि माझी माफी मागितली. माझी! अर्जाची घडी घालून तो परत नेला. ब्लोअर यायला आणखी आठवडा लागला, आणि तो सगळा आठवडा त्या बायका त्याच पाण्यात उतरत होत्या.

नोकरीची भीती होती म्हणता? छे. बिघाडाचा अहवाल मी आधीच वर पाठवला होता. "थोडे दिवस पाण्यात उतरू नका" — एवढं म्हणायला माझं काय जात होतं? मला फक्त एका भाजीवाल्या बाईसमोर खाली बघायचं नव्हतं. याच्यापलीकडे कारण नाही, मी खूप शोधलंय.

काही महिन्यांनी हिराबाई पुन्हा आल्या, बचत गटाच्या बायकांना केंद्र दाखवायला. तोवर पाणी खरोखरच ठीक जात होतं. माझ्याआधी त्याच सगळं समजावत होत्या — हवा, जंतू, गाळ. गटातल्या एका तरण्या सुनेने विचारलं, "पण हे खरं कशावरून?"

हिराबाई तिच्यावर खेकसल्या, "ए, मॅडम खोटं बोलायच्या नाय. मीच येडी, लय भांडले व्हते यांच्याशी."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी हसले आणि मान डोलावली.