फ्लेक्सचं दुसरं टोक

समजा, भर दुपारी एका गच्चीवर तुम्हाला सोलरचे चौदा पॅनेल बंद करायचे आहेत. जिन्यातल्या डब्यात लाल मुठीचा एक स्विच आहे. तो खाली ओढा. पंप थांबेल आणि तुम्हाला वाटेल, झालं काम. पण ऊन आहे तोवर पॅनेल वीज करतच राहतात. चौदा एकामागे एक जोडलेले, म्हणजे साडेसहाशे व्होल्टच्या वर, तिथेच गच्चीवर, तारांमध्ये. काच फोडली तरीही. आता त्यातली एक तार तुटली आहे. वेल्डिंगसारखा जाळ लागलाय तो विझत नाही. सांगाड्यात वीज उतरली आहे, त्या सांगाड्याखाली एक माणूस अडकला आहे, आणि तुमच्या आजूबाजूला तीस जण एकमेकांना मारत आहेत. करा बंद.

शैलजा ढोमणे हिनं ते केलं. तिच्या डाव्या खांद्याचं हाड अजून नीट जुळलेलं नाही.

शैलजा बेचाळीस वर्षांची. नवरा रत्नाकर जबलपूरजवळ खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, घर तिथल्याच क्वार्टरमध्ये. मुलगी दहावी झाली तेव्हा हिनं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला नाव घातलं. वर्गातली पोरं तिला आंटी म्हणायची आणि परीक्षेत तिच्याच वहीत डोकवायची. उंची बेताची, त्यामुळे गच्चीवर चढायच्या पट्ट्याला तिनं घरी खिळा तापवून दोन भोकं जास्त पाडून घेतली होती. कुठल्याही सांगाड्याला ती आधी उलटा हात लावते. वीज असली तर बोटं मिटतात, आणि सरळ हात लावलेला माणूस मग सांगाडा सोडू शकत नाही. स्वयंपाकघरात कुकरलाही ती उलटाच हात लावते, यावरून रत्नाकर तिला चिडवत असतो.

जबलपुरातच गोरखपूर नावाचा भाग आहे, तिथल्या बाजारामागे एक गल्ली आहे. गल्लीच्या वरच्या तोंडाला एका पक्षाचं कार्यालय, खालच्या तोंडाला दुसऱ्याचं. पक्षांची नावं तिथे कोणी घेत नाही, नुसतं ‘वरचे’ आणि ‘खालचे’. मधोमध सामुदायिक भवन. त्याच्या गच्चीवर पाण्याची टाकी, मागे बोअर. लाइट गेली की बोअरचा पंप डिझेल जनरेटरवर चालायचा आणि त्याचा धूर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून आत शिरायचा. गल्लीतल्या बायकांनी वर्गणी जमवली, आता सोलरची कामं करणाऱ्या शैलजानं हिशेब करून सांगितलं, साडेसात किलोवॅट पुरेल. पण भवनाची गच्ची वापरायची तर वरच्यांची आणि खालच्यांची, दोघांची सही हवी होती.

वरच्यांचा श्रीकांत काळबांडे, वय एकोणतीस, मोटरसायकलीला कायम झेंडा. तो म्हणाला, “ताई, आपल्या गल्लीनं कोणासमोर हात काहून पसरायचा? आपलं ऊन, आपली वीज. कुठं सही करू?”

खालच्यांचे बापू गिऱ्हे, रेल्वेतून रिटायर झालेले, दम्याचे पेशंट. ते म्हणाले, “ज्याच्या घरी इन्व्हर्टर त्यालेच पाणी, हे काही बरोबर नाही. पाणी सगळ्याईले सारखं भेटलं पाहिजे. आन बाई, तो धूर बंद करा पहिले.”

रात्री जेवताना शैलजा रत्नाकरला म्हणाली, “दोघंही एकच बोलून राहिले. फक्त एकमेकाच्या विरुद्ध बोलून राहिले.”

“मग त्याईले सांगू नको,” रत्नाकर म्हणाला. “सांगितलं की एक जण मत बदलन.”

पॅनेल वर चढवताना श्रीकांतनं चारदा जिना केला, खांद्यावर काच घेऊन. बापूंना चढवत नव्हतं, ते खाली बसून नटबोल्ट मोजत होते. आठ महिने सगळं सुरळीत चाललं. पंप अकरा ते दोन चालायचा आणि टाकी भरली की आपोआप बंद पडायचा. आधी टाकी तासभर वाहायची आणि नाली धुऊन निघायची, ते थांबलं. गल्ली कमी पाण्यात भागवायला शिकली. वरचे त्याला संयम म्हणत, खालचे समान वाटप.

मग जानेवारीत वॉर्डाची पोटनिवडणूक लागली.

खालच्यांनी भवनाच्या दक्षिणेच्या भिंतीवर फ्लेक्स लावला. तीस फूट बाय पंधरा फूट, मागून काळा, महागातला. त्यावर उमेदवार भैयाजी आणि खाली ओळ: ‘सूरज का पानी, हमारी निशानी’. वरच्यांनी त्याच दिवशी पत्रकं वाटली की सोलर श्रीकांतभाऊंनी आणलं. तिसऱ्या दिवसापासून टाकी अर्धीच भरू लागली. वरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, ‘हमारा पानी बंद कर दिया।’ कोणीतरी उत्तर दिलं, ‘तो चालू करवाना पड़ेगा।’

शैलजा स्कूटीवरून आली तेव्हा साडेदहा झाले होते. तिला आधी धुळीचा संशय आला. तिनं पाइप लावून चौदाही पॅनेल धुतले. गच्ची ओली झाली. धुऊन मागे सरली तेव्हा तिला दिसलं, पुढच्या रांगेवर एक काळा पट्टा पडलाय. कठड्याच्या वर आलेल्या फ्लेक्सची, भैयाजींच्या कपाळाची सावली. पॅनेल एकाला एक जोडलेले असतात, त्यामुळे एका ओळीवर सावली पडली की सगळ्यांचा जोर जातो. जानेवारीचं ऊन तिरपं, सावली लांब.

ती खाली जाऊन बापूंना म्हणाली, “बापू, फ्लेक्स वरून तीन फूट दुमडून घ्या. बाकी काही नाही.”

“तीन फूट दुमडला तर भैयाजीचं कपाळ जाईल दुमडीत.”

“चेहरा तर राहीन ना.”

“कपाळावर टिळा आहे, बाई. टिळा दिसला नाही तर उद्या हेच वरचे बोंबलतीन की खालच्याईनं टिळा पुसला.” बापूंनी इनहेलर ओढला. “प्रचार संपू द्या. पाच दिवस.”

बाहेर श्रीकांत उभाच होता. “काय झालं ताई? काहून नाही येऊन राहिलं पाणी?”

शैलजानं जे होतं ते सांगितलं. फ्लेक्सची सावली आहे, एवढंच. तिच्या दृष्टीनं ते कारण होतं. श्रीकांतच्या दृष्टीनं ते गुन्हेगाराचं नाव होतं.

वीस मिनिटांत तो दहा-बारा जणांना घेऊन वर आला. शेजारच्या बांधकामावरून त्यांनी सळया उचलल्या होत्या. शैलजा मीटर लावून बसली होती. “श्रीकांत, सळई खाली ठेव,” ती म्हणाली. “इथं ओलं आहे.” तो फ्लेक्सच्या दोऱ्यांकडे गेला, आणि तेवढ्यात जिन्यातून खालचे आले, झेंड्यांचे बांबू घेऊन.

पहिला बांबू कोणाचा बसला ते कोणालाच सांगता येत नाही. एकाचा कान फाटला आणि तो कान धरून हसल्यासारखा ओरडत होता. एकाचं डोकं दोघांनी टाकीच्या कोपऱ्यावर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आवाज बदलला. ओल्या गच्चीवर पाय सटकत होते आणि पडलेल्याला उठू देत नव्हते. कोणीतरी शैलजाची हत्यारांची पिशवी लाथेनं कठड्यावरून खाली उडवली. ती जिन्याकडे धावली आणि लाल मूठ ओढून परत आली. आपण किती थोडं बंद केलंय हे तिला माहीत होतं.

“यांची निशानी आहे ना? फोडा!” वरच्यांतला एक ओरडला.

“तुमच्या भाऊनं आणलं ना? घ्या!” खालच्यांतून उत्तर आलं, आणि दोन्ही बाजूंनी एकदम पॅनेलवर घाव पडू लागले. स्वतः खांद्यावरून चढवलेल्या काचेवर श्रीकांतनं सळई घातली. काच चुरा होऊन तशीच चिकटून राहिली. मागच्या रांगेचे पाय कोणीतरी लाथांनी वाकवले. तिसऱ्या घावाला सळई तारेत घुसली, सांगाड्याला टेकली, आणि झर्रर्र असा आवाज सुरू झाला. निळापांढरा जाळ. श्रीकांत हात झाडत मागे पडला आणि मागची रांग त्याच्या गुडघ्यावर कोसळली.

तो ओरडला तेव्हा आधी कोणी थांबलं नाही. सगळेच ओरडत होते. मग जळाल्याचा वास आला.

त्याचा मित्र अनुपम सांगाडा उचलायला धावला. दोन्ही हात लावले आणि बोटं मिटायच्या आत तो मागे फेकला गेला, कठड्यावर आपटून ओकू लागला. “हात नका लावू!” शैलजा ओरडली. “कोणी लोखंडाले हात नका लावू!” दोघांनी बांबू घालून पाहिला, बांबू कडकन मोडला. जाळ तारेवरून सरकत श्रीकांतच्या उजव्या हाताकडे येत होता. हात सांगाड्याखाली दबलेला, निघत नव्हता. तारांचे जोड पॅनेलच्या पोटाखाली, आणि ते उघडायची किल्ली खाली रस्त्यावर.

ऊन झाकायचं, एवढाच मार्ग उरला होता.

तिच्या जॅकेटच्या खिशात तार सोलायची छोटी सुरी होती. ती फ्लेक्सच्या दोऱ्या कापू लागली.

“फ्लेक्स फाडून राहिली! पकडा तिले!”

बांबू तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला कानानं ऐकू आला नाही, दातांत जाणवला. कोणीतरी केस धरून मागे ओढलं. ती त्या हाताला चावली, रक्ताची चव येईपर्यंत चावली, आणि दुसरी दोरी कापली. खालून बापूंचा दम लागलेला आवाज येत होता, “शैलजाबाई! भैयाजीचा फोटो आहे तो!”

“भैयाजी जळून नाही राहिले! तो जळून राहिला!”

फ्लेक्स सुटला, वाऱ्यानं उचलून धरला, आणि तिनं तो कठड्यावरून आत गच्चीत ओढला. आता तो पसरायचा होता. तीस फूट, एका हातानं. ती आपलं टोक ओढत निघाली, पण वाऱ्यानं मधला भाग फुगला आणि तो सरकेना. “धरा ना कोणी!” खालचे धरत नव्हते, कारण पसरायचा म्हणजे भैयाजींच्या तोंडावर पाय पडणार होता. वरचे धरत नव्हते, कारण हात लावला तर गुन्हा त्यांच्यावर येणार होता. श्रीकांतचं ओरडणं बारीक होत चाललं होतं.

आणि मग फ्लेक्स ताणला गेला. पलीकडचं टोक कोणीतरी उचललं होतं. धुरात तिला फक्त काठावर वळलेली चार बोटं दिसली. ती एक पाऊल सरकली की तो माणूसही एक पाऊल सरकायचा, तिच्याइतकंच, जणू हे काम त्यांनी आधी शंभरदा केलं होतं. एक पॅनेल झाकलं गेलं, चार, सात. जाळ फरफरला. वाकलेल्या सांगाड्यापासून वीतभर अंतरावरून चालायचं होतं आणि पायाखाली पाणी होतं. तो चालला. अकरा. चौदाव्या पॅनेलवर भैयाजींचं कपाळ पसरलं, आणि झर्रर्र आवाज थांबला.

शैलजानं सांगाड्याला उलटा हात लावला. काही नाही.

“उचला!” मग मात्र वीसेक हात आले.

श्रीकांत वाचला. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली, गुडघ्यात सळई आहे. टाकीवर डोकं आपटलेला माणूस चौदा दिवसांनी बोलू लागला. शैलजाला नऊ टाके पडले, आणि प्रचाराचं साहित्य नष्ट केल्याचा एक तक्रार अर्जही तिच्या नावानं पडला.

मोबाइलवर त्या दुपारचे तेवीस व्हिडिओ निघाले. ते सगळे तिनं गोळा केले, प्लास्टर घातलेल्या हातानं एकेक थांबवून पाहिले. पलीकडचं टोक कुठे टाकीमागे, कुठे धुरात. एकात मनगटापर्यंत हात दिसतो, राखाडी स्वेटर. जानेवारीत जबलपुरात दर तिसऱ्या माणसाचा स्वेटर राखाडी असतो.

ती बापूंकडे गेली. बापू म्हणाले, “आमच्यातला कोणी भैयाजीच्या फोटोवर पाय देणार नाही.” ती श्रीकांतकडे गेली. तो पलंगावर पडून छताकडे पाहत होता. “आमचा तर नव्हता, ताई. आमच्यावर केस झाली असती.” नंतर एका पेपरात चौकट आली, ‘पक्षभेद विसरून वाचवला जीव’, आणि आठवड्यात दोन्ही बाजू बदलल्या. खालच्यांनी सभेत तिघांचा सत्कार केला. वरच्यांनी दोघांचा. शैलजानं पाचही जणांना एकच विचारलं: फ्लेक्स सरकत नव्हता तेव्हा पहिलं पाऊल कोणत्या बाजूला टाकलं? पाचही चुकले.

आता दोन्हीकडचे तिला म्हणतात, उरलेले पॅनेल परत उभे कर. जनरेटर पुन्हा सुरू झालाय, बापूंचा दमा वाढलाय. ती मापं घेऊन आली आहे, आणि या वेळी सांगाडा कठड्यापासून सहा फूट मागे घेणार आहे. माप घेताना गल्लीतल्या बाप्या माणसांची बोटं ती पाहते.

“काय करशीन त्याले शोधून?” रत्नाकरनं विचारलं. “त्याले नसन सांगायचं.”

“तेच तर समजून नाही राहिलं,” शैलजा म्हणाली. “साडेसहाशे व्होल्टच्या बाजूनं ओल्या गच्चीवर चालला तो, घाबरला नाही. मग गल्लीले काहून घाबरून राहिला?”