दात आधी, हात नंतर

कवळीवाल्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी नमस्कार म्हणायला तोंड उघडलं आणि पुढचा पाऊण तास ते मला मिटता आलं नाही. 'न' वर असतानाच त्यांनी माझा खालचा ओठ चिमटीत धरला, बॅटरीचा झोत आत सोडला आणि गुहेत खजिना सापडल्यासारखे ओरडले, "अगं, लवकर ये! यांना अक्कलदाढच नाही!" आतून वहिनी आल्या, समोरचा शिंपी टेप गळ्यात घालून आला, दोघांनी वाकून दर्शन घेतलं. "अभिनंदन," कवळीवाले म्हणाले. "तुम्ही आमच्यापेक्षा दहा हजार वर्षं पुढे आहात." मला आजवर कुणी कशातच पुढे म्हटलं नव्हतं. मी तिथेच विकला गेलो.

दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. कवळी घासतानाही येरझाऱ्या चालत, चहा उभ्यानेच, तोही निम्मा सदऱ्यावर. शेजारच्या भाड्याच्या खोलीत छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर तीस वर्षांत आलेल्या गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे. प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने नाव, वय, घर.

"विद्वान म्हणतात, माकड उभं राहिलं, हात मोकळे झाले, हत्यारं आली, मग दात लहान झाले," ते मला सांगत. "साफ उलटं! आधी दात बिघडले. चावता येईना, म्हणून दगड घेतला. दगड हातात, मग चालायचं कशावर? राहिला उभा. ज्यांचे दात धड होते ती बसली झाडावर!"

"आणि तुमचे तर बत्तीस शाबूत आहेत," वहिनी आतून म्हणत. "चढा मग झाडावर. घरात तरी कुठे टेकता?"

जबडा पिढीगणिक आकसतोय, हा त्यांचा पुरावा. आजोबा, बाप, नातू असे एकाच घरातले जबडे त्या फळ्यांवर होते. पण घरमालकाला महिनाअखेर खोली परत हवी होती. त्याआधी एका तरी जाणकाराने हे बघावं, एवढीच त्यांची तळमळ. चौदा पत्रांनंतर एका प्राध्यापकांनी कळवलं, गुरुवारी येतो.

बुधवारी कवळीवाले दातांच्या डॉक्टरांकडे माल पोचवायला गेले. परतले तर अंगणात चादरींवर हजारो जबडे ऊन खात पडलेले, पांढरेशुभ्र.

"पाहुणे येणार आणि बोटबोट धूळ," वहिनी कपाळ पुसत म्हणाल्या. "साबण लावून एकेक घासला. कमरेचा काटा ढिला झाला माझ्या."

कवळीवाल्यांनी एक जबडा उचलला, उलटा केला. दुसरा उलटा केला. मग तिसरा. सगळ्यांची बुडं कोरी. वहिनींच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं.

"छान निघालेत गं," ते म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा पायरीवर बसले. दोन मिनिटंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राध्यापकांपुढे तीन जबडे मांडले. "हे आजोबा, हा बाप, हा नातू."

"कशावरून?"

"मी ओळखतो ना! चेहरे विसरतो, दात नाही विसरत."

"तुमची ओळख म्हणजे पुरावा नव्हे. तिघं एका घरातले आहेत एवढं सिद्ध करा, मी पुन्हा येतो." भला माणूस होता. चहाही पूर्ण प्यायला.

त्यानंतर तीन आठवडे कवळीवाले पिशवीत जबडे खुळखुळवत गावभर पळत होते. दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट "आ करा!" पोस्टमनला त्यांनी सायकलवरून उतरवून तपासलं. माझ्याही तोंडात डोकावले, मी कधी त्यांचं गिऱ्हाईक नव्हतो तरी. आजोबा मंडळी बहुतेक वारलेली. उरलेल्यांच्या हिरड्या झिजून बदललेल्या. बापांचे दात पडून त्या जागी कवळ्या आलेल्या.

"कुणाच्या कवळ्या?" मी विचारलं.

"माझ्याच हो!" ते हताशपणे म्हणाले. "आणि इतक्या चांगल्या बसल्यात, की खालचं काही दिसत नाही."

महिनाअखेरपर्यंत अकरा जबड्यांची ओळख पटली. त्यांतले कुठलेही दोन एका घरातले नव्हते. एकतीस तारखेला खोली रिकामी केली. बाकीचे जबडे नव्या रस्त्याच्या भरावात टाकले. अडीच ट्रॉल्या भरल्या.