घरच्यानं दिलेले सहा

"सगळ्यायनं आठ देल्ले, अन् घरच्यानं सा. काहून बे?"

फोनवर अतुल होता. कसा आहेस नाही, काय चाललंय नाही. मी वाशीमच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभा होतो. भाजीवाल्या बाई जुडी परत मागत होत्या, कारण मी ती धड घेत नव्हतो, धड ठेवतही नव्हतो.

"तुह्या रिव्ह्यूत लिहिलं हाय, सगळं नीट आहे पण काहीतरी कमी आहे. हे काय लिहिनं झालं, नित्या? काय कमी हाय ते तं सांग."

मला सांगता येत नव्हतं. म्हणून तर तसं लिहिलं होतं.

मी गेमचा समीक्षक आहे. वाशीमसारख्या गावात राहून हे काम लोकांना समजावणं सोपं नाही. शेजारच्या काकांना वाटतं मी ऑनलाइन काहीतरी विकतो. आईने नातेवाइकांत मी पत्रकार असल्याचं सांगून ठेवलंय, आणि ते अगदीच खोटं नाही. पुण्यातल्या एका वेबसाइटसाठी मी घरी बसून नव्या गेमचे रिव्ह्यू लिहितो. गेम बाजारात येण्याच्या थोडे दिवस आधी तो आमच्याकडे येतो, त्याला रिव्ह्यू बिल्ड म्हणतात. सोबत अट असते की ठरल्या वेळेआधी एक अक्षर छापायचं नाही. त्या अटीचं नाव एम्बार्गो. एम्बार्गो उठला की सगळ्या समीक्षकांचे रिव्ह्यू एकदम बाहेर पडतात. दहापैकी किती, ते मोठ्या अक्षरात असतं. मजकूर वाचणारे थोडे, आकडा बघणारे सगळे. याचा मला पूर्वी फार राग यायचा.

अतुल माझा शाळेपासूनचा मित्र. तो पुण्याला गेला, इंजिनिअर झाला, नोकरी सोडून चार पोरांना घेऊन स्वतःचा स्टुडिओ काढला. 'पडझड' हा त्यांचा पहिला मोठा गेम. मल्टिप्लेअर शूटर. म्हणजे बंदुकांचाच खेळ, पण समोर मशीन नसतं, कुठेतरी बसलेली खरी माणसं असतात. यातल्या भिंती गोळ्यांनी ढासळायच्या. ज्या भिंतीआड तुम्ही लपलात ती थोड्या वेळाने उरायचीच नाही. कल्पना झकास होती.

गेम रिव्ह्यूला आला तेव्हा मी आमच्या संपादक शर्वरी मॅडमना फोन केला होता.

"मॅडम, हा माझ्या मित्राचा गेम आहे. दुसऱ्या कोणाला द्या."

"दुसरा कोण? आपल्याकडे शूटर खेळणारे तुम्ही दोघं. तो लग्नाच्या सुट्टीवर आहे."

"पण माझा मित्र आहे तो. अगदी जवळचा."

"मग पहिल्याच ओळीत तसं लिही. आणि कमी देऊ नकोस, जास्तही देऊ नकोस."

हे शेवटचं वाक्य म्हणायला सोपं आहे.

मल्टिप्लेअर गेमच्या रिव्ह्यूत एक अडचण असते. गेम अजून कोणाकडे आलेलाच नसतो, मग खेळायचं कोणाबरोबर? म्हणून कंपनी एक वेळ ठरवून देते. त्या वेळी देशभरातले समीक्षक कानाला हेडफोन लावून आपापल्या घरून आत येतात. मीही बसलो. कोणी बंगळुरूचा, कोणी दिल्लीचा. एकमेकांना "नाइस शॉट" म्हणत आम्ही शिस्तीत एकमेकांना मारलं. भिंती सुरेख पडत होत्या. बंदुका नीट, आवाज नीट. मेलात तर तीन सेकंदांत परत जिवंत, लगेच खेळ चालू. याला रीस्पॉन म्हणतात. बाकीच्या समीक्षकांनी याचंच भरभरून कौतुक केलं: कुठे थांबावं लागत नाही, क्षणभरही कंटाळा येत नाही. मीही खेळलो, कंटाळलो नाही, आणि उठलो तेव्हा परत बसावंसं वाटलं नाही. का, ते कळेना. सहा दिले.

माझ्या सहाने अतुलचं काही बिघडलं नव्हतं. सरासरी चांगली होती. पहिल्या आठवड्यात लोक धावत आले. दुसऱ्या आठवड्यापासून ओसरायला लागले. मल्टिप्लेअर गेमला ही ओहोटी फार वाईट. चांगली कादंबरी एकट्या वाचकालाही पुरते. इथे समोर माणूस नसेल तर गेमच नाही. आत जाऊन ताटकळत बसायचं, कोणी येत नाही, मग आपणही निघून जायचं.

पैसा घालणारी कंपनी, जिला पब्लिशर म्हणतात, तिचा माणूस अतुलला म्हणाला, "रिव्ह्यू उत्तम आहेत. पण लोक परत येत नाहीत. दिवाळीनंतर सर्व्हर चालू ठेवायचे की नाही ते ठरवू." सर्व्हर बंद म्हणजे गेम संपला. स्टुडिओही बहुतेक संपलाच. बाजारातला तो फोन त्याच संध्याकाळचा. अतुल माझ्यावर चिडला नव्हता. ज्यांनी आठ दिले त्यांनी काय आवडलं ते सांगितलं होतं. काय चुकलंय याचा वास फक्त मला आला होता, आणि मी तो नीट सांगत नव्हतो.

"दिवाळीत येऊन राह्यलो," तो म्हणाला. "समोर बसून सांग."

मी मेथी घेतली आणि घरी आलो.

समोर बसूनही मला सांगता आलं नसतं. म्हणून मी गजाननला फोन केला. गजाननचं मेडशीला बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. सोयाबीन निघालेलं होतं, दुकानात गर्दी नव्हती. वसीमला कळवलं. तो मंगरूळपीरला शाळेत मास्तर आहे. आणखी तिघं जुने सवंगडी गावातच होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनी महेंद्रभौंच्या कॅफेत यायचं ठरलं.

महेंद्रभौंबद्दल सांगायला हवं. खाली त्यांचं कापडाचं दुकान, वर गेमिंग कॅफे. आमच्या शाळेच्या दिवसांत जिल्ह्यातली अर्धी पोरं त्या जिन्याने वर गेली असतील. भौ जैन, कडक. वर अंडं आणायचं नाही, कांद्याचा समोसाही आणायचा नाही. दिवस मावळायच्या आत ते जेवायला घरी जात, आणि तेवढा वेळ कॅफे आमच्या ताब्यात असे. तेवढ्यातच आम्ही सगळ्यात मोठ्याने ओरडून घ्यायचो.

कॉम्प्युटर थोडे आणि पोरं भरपूर, म्हणून भौंनी एक नियम केला होता: मेला तो उठला. आम्ही खेळायचो त्या जुन्या शूटरमध्ये एकदा मेलं की डाव संपेपर्यंत मेलेलंच राहायचं. मग खुर्ची अडवून कशाला बसायचं? उठायचं, पुढच्या डावासाठी दुसऱ्याला द्यायची आणि मागे उभं राहायचं. हे आठवलं की अजूनही जीव थोडा हळवा होतो. त्यानंतर मी कितीतरी भारी मशीनवर खेळलो, पण तसं सुख परत मिळालं नाही.

कॅफे आता अर्धा उरलाय. एका बाजूला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, दुसऱ्या बाजूला सहा कॉम्प्युटर. 'पडझड' साध्या मशीनवर चालावा म्हणून अतुलने जिवाचा आटापिटा केला होता, त्यामुळे तो तिथे चालला. आम्ही सहा जण बसलो. अतुल मागे भिंतीला टेकून उभा राहिला. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

सुरुवात मस्त झाली. पहिली भिंत पडली तेव्हा गजानन म्हणाला, "अरे वा रे पठ्ठ्या, हे तुनं बनवलं?" अतुल पहिल्यांदा हसला. मग हळूहळू आवाज कमी होत गेला. सहा जण सहा पडद्यांकडे बघत होतो. कीबोर्डचीच खटखट. भौ खालच्या गल्ल्यावरून ओरडले, "काय झालं रे? भांडले काय?"

तेवढ्यात वसीमने गजाननला मारलं. गजानन खुर्ची सरकवून उठला आणि सवयीने माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्या पडद्यावर त्याचा सैनिक परत जिवंत होऊन मैदानात नुसता उभा होता. कोणीतरी त्याला पुन्हा टिपलं.

"अबे गजा, बस ना," वसीम ओरडला. "जिता हायस तू."

"मी मेलो ना आता?"

"मेला अन् उठला बी. तीन सेकंदात."

गजानन बसला. थोड्या वेळाने मेला आणि पुन्हा उठला. सगळे हसले. मग आमच्यातला आणखी एक जण मेला, तोही अर्धा उठलाच आणि लाजून खाली बसला. मी अतुलकडे पाहिलं. तो हसत नव्हता. रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

दोनेक डाव आणखी झाले. मग वसीम खुर्चीत मागे रेलला. मास्तर माणूस, शब्द जपून वापरतो.

"बुरा मत मान, अतुल. गेम चांगला हाय. पन यात मराची सोयच नाई, यार."

"म्हंजे?"

"म्हंजे मी मेलो काय अन् जगलो काय, कोनाले पत्ताच नाई. लाव ना आपला जुनावाला."

ज्याने दोन वर्षं रक्त आटवून गेम बनवला, त्याच्यासमोर त्याच्याच मित्रांनी तो बंद करून दुसरा मागावा, यापेक्षा कडक रिव्ह्यू मी आजवर वाचलेला नाही. मला अतुलचं फार वाईट वाटलं. तो स्वतः पुढे आला आणि त्याने जुना गेम लावून दिला.

पुढचं सांगायला फारसं नाही, पण ते विसरणार नाही. एकेक करून आम्ही मेलो आणि उठलो. शेवटी आमच्या बाजूने वसीम एकटा उरला, समोर दोघं. चौघं त्याच्या खुर्चीमागे उभे. समोरच्या बाजूचा मेलेला एक जणही आपली खुर्ची सोडून इकडेच आला होता. कोणी कुजबुजत होतं, "डावीकडं पाह्य, डावीकडं." कोणी म्हणत होतं, "बोलू नोको, त्याले खेळू दे." खालून गिऱ्हाईक सोडून भौ वर आले आणि तेही मागे उभे राहिले. अतुलने वसीमच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. वसीमने एकाला टिपलं आणि दुसऱ्याने त्याला. कॅफेत जो गोंधळ झाला त्याला भौ एकदाही "आवाज कमी करा" म्हणाले नाहीत.

नंतर मी आणि अतुल जिन्यात बसलो.

"तीन सेकंद म्या मुद्दाम ठेवले," तो म्हणाला. "आकडे पाह्यले होते. वाट पाहा लागली का लोक गेम बंद करून जातात."

"एकटे असले की जातात."

"हाव. अन् आमी सगळी टेस्टिंग एकेकट्यानंच केली." त्याने वर कॅफेच्या दाराकडे पाहिलं. "मी इथंच वाढलो, नित्या. मले कसं आठोलं नाई?"

मीही इथेच वाढलो होतो आणि मीही हेडफोन लावून एकट्यानेच सहा दिले होते.

अतुलने पब्लिशरकडून थोडी मुदत मागून घेतली. मिळाली. त्याने 'पडझड'मध्ये एक नवा प्रकार घातला. त्यात एकदा मेलात की मेलात. मग जिवंत असलेल्या कोणाच्याही मागे जाऊन त्याच्या डोळ्यांनी बघायचं, त्याच्याशी बोलायचं, हवा तेवढा सल्ला द्यायचा. लोक परत यायला लागले, आणि एकटे येईनात, टोळीने यायला लागले. फार मोठं यश नाही. पण सर्व्हर चालू राहिले, स्टुडिओ चालू राहिला. आता ते दुसऱ्या गेमच्या तयारीत आहेत.

ज्यांनी आठ दिले होते त्यांच्यापैकी कोणीही परत फिरकून बघितलं नाही. त्यांचा दोष नाही. तोवर पुढचे गेम आलेले असतात. मी शर्वरी मॅडमना म्हणालो, "मला 'पडझड'वर पुन्हा लिहायचंय."

"जुन्या गेमवर कोण वाचतं?"

"तरी लिहितो."

"लिही. पण आकडा बदलायचा नाही, तो आपला नियम आहे."

मी लिहिलं. काय कमी होतं, ते या वेळी स्पष्ट लिहिलं. फार कोणी वाचलं नाही. अतुलने वाचलं. त्याचा फोन आला, "आता बराबर लिहिलं."

लोक विचारतात, नव्या शूटरच्या बाबतीत समीक्षकांचं मत किती चालतं? पहिल्या आठवड्यापुरतं चालतं, भरपूर चालतं. आकडा बघून लोक दार उघडतात. आत बसून राहायचं की नाही, ते शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं, आणि ते आम्हाला आधी कळायला मार्ग नसतो. म्हणून आता मल्टिप्लेअर गेम आला की मी तो एकट्याने खेळून लिहीत नाही. बाजारात येईपर्यंत थांबतो, मग गजाननला आणि वसीमला बोलावतो. गजानन म्हणतो पेरणीच्या दिवसांत जमणार नाही. वसीमच्या शाळेच्या परीक्षा असतात. सगळ्यांची वेळ जुळेपर्यंत महिना उलटतो.

माझे रिव्ह्यू पूर्वीपेक्षा बरे असतात, असं मॅडमही मान्य करतात. फक्त ते छापून येतात तोवर लोकांनी गेम घेतलेला असतो, किंवा सोडलेला असतो.