ताटावरचा हात

आमच्याकडे "पुरे" म्हणायचं झालं की ताटावर हात आडवा धरतात आणि वाढणारा तो बाजूला सारून वाढतोच. आईने आयुष्यभर असंच वाढलं. माझ्या धाकट्या बहिणीचा, मंजिरीचा हात मात्र कितीतरी वर्षं हललाच नाही. तिशीतली, बँकेत नोकरी करणारी बाई अन्नाला भीत होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अ‍ॅनोरेक्सिया, आणि मानसोपचार सुरू केले.

"नुसतं बोलून काय होणार?" आई म्हणाली. मलाही तेच वाटत होतं. तरी मंजिरी दर गुरुवारी जात राहिली. वजन कधी वाढायचं, कधी पुन्हा घसरायचं. आम्हाला थेरपिस्टबाईंनी बजावलं होतं, जेवताना आग्रह करायचा नाही आणि कौतुकही नाही.

आज दुपारी आई वरणभातावर तूप वाढायला आली. मंजिरीचा हात ताटावर आला, आणि तिने तो उचलून मांडीवर ठेवला.

"वाढ," ती म्हणाली.

गोळीचा गुण ताप उतरला की कळतो. बोलण्याचा गुण असा तळहाताएवढ्या जागेत दिसतो, आणि ती जागा केवढी मोठी आहे हे आम्हा तिघींनाच ठाऊक. कौतुक तोंडाशी आलं होतं, म्हणून मी घाईघाईने म्हणाले, "लोणचं यंदा छान मुरलंय."

आईने एक चमचा तूप वाढलं. सवयीने दुसरा भरला आणि तो परत भांड्यात सोडला. मग आत जाऊन ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.