ओळीनं पाठ झालेले शब्द

नऊ वर्षं मी ठार बहिरी होते. मग कानामागचं हाड कोरून यंत्र बसवलं, आणि आवाज आला तो कसा, तर टिनाच्या डब्यात खडे हलवावेत तसा. नवरा बोलतोय की कुकर वाजतोय, काही पत्ता नाही! अकोल्याला ऐकणं शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी वहीत लिहून दाखवलं, "यंत्र आवाज देईल. अर्थ लावायला मेंदूला शिकवावं लागेल." आणि मेंदू शिकलाच नाही तर? हे मी विचारलं नाही. उत्तराचीच धास्ती होती.

धामणगावला घरी रोज सकाळी सराव चालायचा. मॅडमनी चाळीस शब्दांची यादी दिली होती. मी ओठ वाचू नयेत म्हणून नवरा तोंडासमोर दुपट्टा धरून वाचायचा. भाकर, पाऊस, चप्पल, वांगं. मी मागोमाग म्हणायचे. महिन्याभरात चाळीसपैकी अडतीस बरोबर! गडी असा खूश, की शेजारणींना सांगत सुटला, "आता इच्या मांगं चुगल्या करू नोका, सारं आयकू येते इले."

मग अकोल्याला तपासणी. मॅडमनी तोंडासमोर कापड लावलेली रिंग धरली आणि पहिला शब्द उच्चारला.

"भाकर," मी म्हटलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्याला मी "पाऊस" म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्याला "चप्पल" आपोआप ओठांवर आलं, तसं मला उमगलं. कप्पाळ माझं! मला एकही शब्द ओळखू येत नव्हता.

माझा नवरा धान्य बाजारात मापारी. पोतं काट्यावर चढलं की मोठ्यानं आकडा म्हणायचा, क्रम मोडायचा नाही, यात त्याचा जन्म गेला. शब्द उलटसुलट वाचा असं मॅडमनी बजावलं होतं, पण त्यानं यादी रोज वरून खालीच वाचली. आणि मी ती पाठ केली. शंका मला आली नव्हती असं नाही. पण अडतीस बरोबर येत असताना ती बोलून दाखवायची छाती झाली नाही. डोकं कोरून घेतलं ते फुकटच गेलं असं निघेल, याचीच भीती होती.

मॅडम माझ्या मागे बसलेल्या नवऱ्याला काहीतरी विचारत होत्या. मी खाली मान घालून बसले. मागून खडे हलायला लागले. आणि मग त्या खड्यांतून एकेक शब्द सुटा होऊन आला.

"इच्या डोक्याले दोष देऊ नोका, मॅडम. म्याच चुकलो. मले लय भेव वाटून राह्यलं."

मी मागे वळले नाही. वळले असते तर त्याचे ओठ दिसले असते, आणि हे कानानं ऐकलं यावर माझाच विश्वास बसला नसता.

तशीच समोर बघत मी म्हटलं, "मले बी."