बंडीनं गाठायचं बेट

गुलाब उंदिरवाडे यांना चामोर्शीत लोक दोन गोष्टींवरून ओळखतात. एक म्हणजे, वीजखात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बत्ती गेली की गल्ली आधी त्यांच्याच दारात येते. दुसरी म्हणजे त्यांच्या छपरावरून समोरच्या चिंचेपर्यंत ओढलेली तार. ती कपडे वाळत घालायची नव्हे, हे शेजारणींना सांगून सांगून त्यांच्या बायको सीताबाई थकल्या आणि शेवटी त्यांनी स्वतःच तिच्यावर एक टॉवेल टाकून पाहिला. त्या दिवशी घरात मोठं भांडण झालं.

तारेचं हे खूळ लागलं एटापल्लीत. गुलाबभाऊ तेव्हा पस्तिशीचे होते. सरकारी दवाखान्यातल्या केरळी डॉक्टरनं दोन मोहाच्या झाडांमध्ये कसली तरी तार बांधली आहे, ती काढून आणा, असा वरून हुकूम आला. गुलाबभाऊ कमरेला पक्कड खोचून झाडावर चढले. खालून डॉक्टर शांतपणे म्हणाला, "काटो भाई, लेकिन पहले एक बार सुन तो लो." ऐकायला म्हणून जे बसले ते संध्याकाळ होईपर्यंत उठले नाहीत. डॉक्टरच्या टेबलावरच्या डब्यातून एक माणूस बोलत होता. तो म्हणे पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर माडाला तार बांधून बसला होता. "मी तुला ऐकू येतो का?" "येतोस." एवढंच बोलणं. पण मध्ये ना खांब, ना वायर, ना ट्रान्सफॉर्मर! जन्मभर खांब मोजत फिरलेल्या माणसाला याचा जो अचंबा वाटला, तो आजतागायत उतरलेला नाही. डॉक्टरचा हौशी रेडिओचा परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता. तार काही तुटली नाही. दोन वर्षांनी नागपूरला परीक्षा देऊन गुलाबभाऊंनीही परवाना काढला. इंग्रजी ते डॉक्टरकडूनच शिकले, म्हणून त्यांच्या इंग्रजीला अजूनही केरळचा हेल आहे आणि त्यांना तो इंग्रजांचाच वाटतो.

या छंदातली गंमत अशी. कुणी तरी सामान घेऊन जगाच्या कोपऱ्यातल्या बेटावर जातो, आठवडाभर तिथून बोलतो, आणि जगभरचे शौकीन त्याला गाठायला धडपडतात. गाठला की त्याचं पोस्टकार्ड येतं, पुरावा म्हणून. गुलाबभाऊंकडे अशा कार्डांनी बिस्किटांचे तीन डबे भरले होते.

"जगभरचे लोक कारडं धाडतात," सीताबाई म्हणायच्या, "चहाले एक नाई येत."

गुलाबभाऊ हसून सोडून द्यायचे, पण ते त्यांना लागायचं. इतकी वर्षं ते रांगेच्या शेपटाला उभे राहून दुसऱ्यांना हाका मारत आले होते. एकदा, मरायच्या आधी एकदा तरी, जगानं आपल्याला हाक मारावी, ही त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती, कारण चौसष्टाव्या वर्षी असं काही मागायची लाज वाटते.

मग भेटला प्रफुल खोब्रागडे. चंद्रपूरला बँकेत नोकरीला, वय बत्तीस, परवाना नवा आणि सेट त्याहून नवा. पहिल्या भेटीत जयभीम झाला, दुसऱ्या वाक्याला अँटेनाचा विषय निघाला आणि तिसऱ्या तासाला प्रफुलनं मोबाईलवर एक यादी दाखवली. परदेशातलं एक हौशी मंडळ नदीतल्या बेटांची यादी ठेवत होतं. समुद्र लागत नव्हता, नुसती नदी पुरे. अट एकच होती. बेटाला बाराही महिने चहूबाजूंनी पाणी हवं, आणि तसं लिहिलेल्या कागदावर एका स्थानिक माणसाची सही हवी.

"गुलाबभाऊ, आपली वैनगंगा!" प्रफुल म्हणाला. त्यानं उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवलं. पात्राच्या मधोमध एक हिरवा ठिपका होता, भोवती निळं पाणी.

त्या चित्रावरची तारीख ऑक्टोबरची होती. ती दोघांनीही पाहिली नाही.

तयारीला तीन महिने गेले. रेडिओचा सेट घेऊन नदीतल्या बेटावर बसायचं म्हटल्यावर पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी "पण करणार काय?" हे तीनदा विचारलं आणि अर्ज तीन प्रतींत घेतला. शेवटी परवानगी मिळाली. दिवाळी उलटल्यावर, धान कापणीला आला तेव्हा, ट्रॅक्टरची बॅटरी, सेट, बांबू आणि सीताबाईंनी दिलेला चिवड्याचा डबा घेऊन दोघं नदीकाठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, टोलीवर पोचले. तिथं कुंताबाईचा डोंगा, म्हणजे लहान लाकडी नाव, होता. पन्नाशीची काटक बाई, नवरा मनसाराम जाळी विणायचा आणि डोंगा ही चालवायची.

"बेटावर?" कुंताबाई म्हणाली. "तिथी काय हाये जी? रेती अन् झाऊ."

"म्हणूनच तं जाऊन राह्यलो," गुलाबभाऊ म्हणाले. तिनं डोंग्याचा दोर सोडला.

बेट खरोखर बेटासारखं होतं. भोवती कमरेच्या वर पाणी, मध्ये झाऊची झुडपं, टिटव्यांचा कालवा. उंचवट्यावर एक सागाचा खांब रोवलेला मिळाला. गुलाबभाऊंनी तो हलवून पाहिला, हलेना. त्यांनी खूश होऊन तारेचं एक टोक त्याला बांधलं, दुसरं बांबूला, आणि चार वाजता सेट सुरू केला.

पहिल्या दहा मिनिटांत कुणी नाही. मग एक जपानी, एक रशियन, आणि मग जो गलका उसळला त्यात एकही आवाज वेगळा काढता येईना. पन्नास माणसं एकाच वेळी ओरडत होती. गुलाबभाऊ एकेकाला टिपत, जवाब देत, आणि प्रफुल लॅपटॉपवर नोंदी घेई. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहाशेवर माणसं झाली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली आणि मनात राहिली. या गलक्यात जो तो आपापलंच नाव ओरडतो. रीतच तशी आहे, तुमचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, मग ते कोण कशाला घेईल? सहाशे माणसांनी हाक मारली, पण एकाच्याही तोंडी गुलाबभाऊंचं नाव नव्हतं. इतक्या वर्षांची हौस फिटत होती आणि कुठं तरी फिटतही नव्हती.

भाकरी घेऊन आलेली कुंताबाई दोन्ही दिवस टक लावून पाहत होती. रेडिओवरचं नाव म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली इंग्रजी अक्षरं; ती फोडून सांगताना गुलाबभाऊंच्या शेवटच्या 'के'ला 'किलो' म्हणावं लागतं. शेवटी तिला राहवेना.

"भाऊ, कालपासून मोठमोठ्यानं किलो किलो करून राह्यले, तं इकता काय?"

प्रफुल हसून लोळला. गुलाबभाऊंनी समजावून सांगितलं, ते तिला पटलं नाही. विषय बदलावा म्हणून त्यांनी खांबाकडे हात केला. लाईनमनला खांबावरचं काम दिसतं. "बाई, हा कोनं गाडला? तीन फूट तरी आत असंन. पक्कं काम हाये."

"आमीच गाडला जी. माडीचा हाये, राखनीच्या." माडी म्हणजे राखणदाराचं मचाण.

"येवढा जड सागाचा खांब डोंग्यातून आनला? डोंगा डुबला नाई?"

"डोंग्यातून काऊन आनन?" कुंताबाईला त्यांच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "बंडीनं आनला."

भाकरीचा तुकडा गुलाबभाऊंच्या हातातच राहिला. बंडी म्हणजे बैलगाडी, आणि बैलगाडी काही कमरेवरच्या पाण्यातून सागाचा खांब आणत नाही.

"बंडी इथी येते?"

"चैतापासून येते. वैशाखात तं बैलाचे खुर बी भिजत नाई. इथीच तं आमची डांगरवाडी रायते."

आता हे ऐका. डांगरवाडी म्हणजे नदीच्या रेतीत लावलेला टरबुजांचा मळा, आणि कुंताबाईच्या डांगरवाडीची टरबुजं गुलाबभाऊ दर उन्हाळ्यात चामोर्शीच्या बाजारातून घेत आले होते. पण डांगरवाडी नदीच्या काठाला कुठं तरी असेल, अशी त्यांची समजूत होती. बेट वेगळं, डांगरवाडी वेगळी. नावं दोन, म्हणून जागाही दोन! नोकरीची तीस वर्षं एटापल्ली, सिरोंचा, कोरपना अशी बाहेर गेलेल्या माणसाला घराजवळची नदीच ठाऊक नव्हती.

"पानी हाये तवरी बेट," कुंताबाई म्हणाली, "पानी हटलं का डांगरवाडी. त्यात काय येवढं?"

प्रफुलनं लॅपटॉप मिटला. मग पिशवीतून त्यानं तो सहीचा कागद काढला.

"गुलाबभाऊ, वैशाखात इथी कोन पाहाले येते? बाईची सही घेऊ अन् पाठवून देऊ. सहाशे लोकं खूश हायेत."

"देतो नं सही," कुंताबाई लगेच म्हणाली. "मले येते सही. कुठी करू?"

गुलाबभाऊंना मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगलाच झाला. यादीत नाव लागलं असतं, तेही भारतातून पहिलं. पण त्यांच्या नोकरीत एक कागद असायचा, 'लाईन बंद आहे' असं लिहून द्यायचा. त्या कागदाच्या भरवशावर दुसरा माणूस खांबावर चढून उघडी तार हातात धरतो. त्यांनी तो कागद हजार वेळा लिहिला आणि प्रत्येक वेळी आधी तार तपासली. कागदावर एक आणि तारेत दुसरं, हे त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. इथं कुणी मरणार नव्हतं, हे खरं. पण हात तोच होता.

"ठेव तो कागद," ते प्रफुलला म्हणाले.

चार वाजता गलका पुन्हा सुरू झाला. गुलाबभाऊंनी माइक तोंडाशी धरला आणि आपल्या केरळी इंग्रजीत सावकाश सांगितलं की ही जागा बेट नाही, उन्हाळ्यात इथं बैलगाडी येते, चूक माझी आहे, कुणाचाही हा संपर्क यादीत धरला जाणार नाही, माफ करा. हेच त्यांनी तीन वेळा सांगितलं.

गलका पातळ झाला. एक जण चिडून काही बोलला, दोघांनी "धन्यवाद" म्हटलं, आणि पाच मिनिटांत सेटमधून नुसती खरखर येऊ लागली. प्रफुल उठून पाण्याच्या कडेला जाऊन पाठ करून बसला. गुलाबभाऊंना रडू आलं. कुंताबाईसमोर नको म्हणून त्यांनी मान खाली घालून उगाच एक बटण फिरवलं.

तेवढ्यात खरखरीतून एक म्हातारा आवाज आला. त्याचं नाव डोनल, आयर्लंडच्या पश्चिमेला एका चिमुकल्या बेटावर राहणारा, निवृत्त पोस्टमन. "थांब, जाऊ नकोस," तो म्हणाला. "माझ्या बेटावरही ओहोटीला चालत जाता येतं, दिवसातून दोनदा. मी पस्तीस वर्षं समुद्राचं वेळापत्रक बघून टपाल टाकलं. मला सांग, तुमच्या बेटावर पाणी आटलं की काय पिकतं?"

काय पिकतं! इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. 'ऐकू येतो का, येतो, धन्यवाद' यापुढे बोलणं गेलंच नव्हतं. गुलाबभाऊंनी टरबूज सांगितलं, काकडी सांगितली. डोनलचे प्रश्न संपेनात, आणि उत्तरं कुंताबाईजवळ. माइकवर परवानेवाल्यानंच बोलायचं असा नियम, म्हणून ती सांगायची आणि गुलाबभाऊ इंग्रजीत घालायचे. रेतीत टरबूज जगतं कसं? "रेतीत झिरा खंदाचा, पानी पाझरते, ते हातानं घालाचं." रेतीतली वाट कशी ओळखता? आमच्याकडे खांब रोवले आहेत, डोनल म्हणाला.

"वाट बैलाले ठाऊक रायते," कुंताबाई म्हणाली. "आमी मांगं जातो."

हे पलीकडे पोचल्यावर डोनल इतका हसला की सेटचा काटा शेवटापर्यंत गेला. प्रफुल केव्हाच परत येऊन मांडी घालून बसला होता. पाऊण तास बोलणं चाललं. शेवटी कुंताबाईनं हळूच विचारलं, "हा घेईन का जी टरबुजं? येवढी चौकशी करून राह्यला."

महिन्याभरानं मंडळाचं पत्र आलं, संपर्क रद्द, बेट यादीत धरता येणार नाही. फेब्रुवारीत आयर्लंडहून एक कार्ड आलं. बेटाचा क्रमांक लिहायच्या रकान्यात डोनलनं क्रमांक खोडून इंग्रजी अक्षरांत 'डांगरवाडी' लिहिलं होतं, एक अक्षर चुकवून. खाली मजकूर होता: "मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी, तुमच्या चार वाजता, त्याच जागी ऐक."

गुलाबभाऊंनी ते कार्ड डब्यात टाकलं नाही. सीताबाईंनी ते स्वतःच आरशाच्या कडेला खोचलं.

मेच्या पहिल्या रविवारी गुलाबभाऊ, सीताबाई आणि प्रफुल रेतीतून चालत डांगरवाडीवर गेले. बॅटरी प्रफुलच्या डोक्यावर होती. चपला कोरड्याच राहिल्या. माडीच्या खांबाशेजारी टरबुजांची रास लागली होती, दोन गिऱ्हाइकं वाकून टिचक्या मारून पाहत होती. गुलाबभाऊंनी त्याच खांबाला तार बांधली.

"भाऊ, आज किलो म्हनू नका," कुंताबाईनं आधीच बजावलं. "आमी नगानं इकतो. गिऱ्हाईक गोंधळते."

चारला पाच मिनिटं होती. त्यांनी सेट सुरू केला, माइक हातात घेतला, पण बटण दाबलं नाही. खरखर येत राहिली. आणि मग लांबून, हळू, एकेक अक्षर सुटं करत एक म्हातारा आवाज नाव घेऊ लागला. त्याचं स्वतःचं नव्हे. शेवटचं अक्षर किलो. थांबून पुन्हा तेच, पुन्हा किलो.

कुंताबाईनं कान दिला. "तोच व्हय ना जी? कोनाले बलावून राह्यला तो?"

गुलाबभाऊंनी माइकच्या बटणावर अंगठा ठेवला.

"मले," ते म्हणाले.