जेवणं आटोपेपर्यंत

बेबाबाईच्या हातचं भरीत खाल्लेली माणसं त्या कॉलनीत शंभर तरी सापडतील. ते तिच्या हातचं होतं हे ठाऊक असलेली चार सापडली तर नशीब समजा. कारण नाव सगळं गिरधर नानांचं. "नानांचं भरीत" म्हणतात लोक. आणि नाना करायचे काय? गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी, हातात लांब चिमटा, आणि खाली बसून भाजणाऱ्या बायकोच्या डोक्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला भाषण. वांगं बामणोदकडचंच पाहिजे, हिरवं, पांढऱ्या रेघांचं. आधी टोचायचं, मग तेलाचा हात फिरवायचा. गॅसवर भाजलं की मातीत गेलं, कपाशीच्या वाळक्या काड्याच पाहिजेत. बोलणं नानांचं आणि धूर बेबाबाईच्या डोळ्यांत, अशी वाटणी होती.

नाना पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. रिटायर झाले तेव्हा हार पडले, शाल पडली, साहेब दोन शब्द बोलले. ऑफिसात त्यांच्या हाताखाली तीन माणसं होती, घरी एक बाई होती. मग काय, तिघांचा सगळा हुकूम तिच्या एकटीच्या वाट्याला आला. मुलगी कामिनी सुरतेला दिलेली, तिचा फोन आठवड्यातून एकदा. बाकी जळगावच्या त्या घरात ही दोघंच. थंडीच्या दिवसांत अंगणात ऊन आलं की नानांची खुर्ची उन्हात, ऊन सरकलं की हाक यायची, "अगं, खुर्ची सरकव जरा." पीठ मळता मळता हात पुसत बेबाबाई बाहेर यायची आणि खुर्ची सरकवायची. नाना उठून उभे राहायचे, तेवढी मदत करायचे बिचारे.

आणि डिसेंबर लागला की दर रविवारी पार्टी. मॉर्निंग वॉकचा ग्रुप, जुने ऑफिसवाले, बँकेतले, कोणाचे व्याही. शंभर पुऱ्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कढी, पातीचा कांदा. भाजलेली वांगी लाकडी बडगीत मुसळीने ठेचता ठेचता बेबाबाईचा खांदा निखळायला यायचा. पानं वाढून झाली की नाना मधोमध उभे राहून विचारायचे, "काय मंडळी, जमलं का भरीत?" मंडळी बोटं चाटत म्हणायची, "नाना, तुमच्या हाताला तोड नाही!" बेबाबाई ते स्वयंपाकघरातून ऐकायची. सुरुवातीला हसू यायचं, मग राग आला, मग तोही यायचा बंद झाला.

पण त्या वर्षी तिचा जीव पार्टीत नव्हता. तो पिंपळनेरला अडकला होता.

साक्रीच्या पुढं, पिंपळनेरला तिची मोठी बहीण, भिकुबाई. बहीण म्हणायची रीत म्हणून, बाकी ती आईच. बेबी रांगत होती तेव्हा आई गेली. भिकूने तिला कडेवर घेऊन निंदणी केली, कडेवर घेऊन पाणी भरलं. भिकूचं लग्न झालं तेव्हा बेबी तिच्या लुगड्याला धरून जी बसली ती सुटेना, तर भिकूने सासरच्यांना सांगितलं, ही पण येईल. लोक आंदणात भांडी नेतात, भिकूने बहीण नेली. सासूने त्याबद्दल तिला वर्षानुवर्षं टोचून खाल्लं. बेबीचं लग्न त्याच दारातून झालं. आता भिकुबाई ऐंशीच्या घरात, दिवाळीत गोठ्यात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर पडली ती पडलीच. पुढं पुढं अन्नही सोडलं.

एक दिवस तिच्या मुलाचा, नवलचा, फोन आला. त्याने मोबाईल आईच्या कानाला लावला. आवाज कसला, नुसता श्वास. पण शब्द कळले, बेबीचं तोंड पाहायचं होतं तिला. "बेबी, तुनं तोंड देखनं शे वं माले. ये ना."

बेबाबाई त्याच दिवशी निघाली असती. पण नानांना हयातीचा दाखला द्यायचा होता. तो झाला तर थंडी वाढली. "साक्रीकडे याहून जास्त थंडी. तू आजारी पडलीस तर माझं कोण करणार?" नानांनी विचारलं, आणि अगदी खऱ्या काळजीने विचारलं. मग एक पार्टी झाली, दुसरी झाली.

"मी एकटी जाते," बेबाबाई एकदा म्हणाली. "बायांना अर्धं तिकीट शे आता."

समोर मोतीलालभाऊ बसलेले, नानांचे ग्रुपमधले दोस्त. नाना त्यांच्याकडे बघून खो खो हसले. "ऐकलं का भाऊ? धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या गाडीऐवजी सुरतच्या गाडीत बसेल ही. मग मी पेपरात फोटो देत फिरू!" मोतीलालभाऊ पण हसले. बेबाबाई चहाचे कप उचलून आत गेली. खरं सांगायचं तर ती भ्यालीच. आयुष्यभर ज्या बाईला बसचा बोर्डही दुसऱ्याने वाचून दाखवला, तिने चौसष्टाव्या वर्षी धुळ्याला गाडी बदलायची म्हणजे काही सोपं नव्हतं. पण ती भीती तिच्या पोटात घातली कोणी, हे कुणी विचारू नका.

शेवटी नानांनी शब्द दिला. "हा रविवार होऊ दे. पंचवीस माणसं सांगून बसलोय. सोमवारी पहिल्या गाडीने नेतो तुला. बस?"

बस. शनिवारी रात्री बेबाबाईने पिशवी भरली. दोन साड्या, भिकुअक्कासाठी एक मऊ शाल, दात नसलेल्या तोंडाला चालतील अशा हातशेवया.

रविवारी ती खुशीत होती. हे पुढं आठवलं की तिला स्वतःचाच संताप यायचा, पण होती. उद्या जायचं म्हणून हात भराभर चालत होते. अंगणात काड्या धडधडत होत्या, वांग्यांची सालं करपून तडकत होती, पोरंटोरं नाकाला रुमाल लावून पळत होती. तिने मोतीलालभाऊंच्या बायकोची थट्टासुद्धा केली, "वहिनी, नुसतं खायला येता, एखादं वांगं तरी सोला!"

अकराच्या सुमाराला नानांचा फोन वाजला. तिच्याकडे पण मोबाईल होता, पण मेहुणीच्या गावचा निरोप बाईमाणसाला थेट कोण देतो? नाना उठून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गेले. बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा बेबाबाई बडगीत मिरच्या ठेचत होती.

"कोणाचा होता?"

"कोणाचा नाही. कर्ज घ्या म्हणतात कंपनीवाले. पुऱ्या किती राहिल्या?"

पहिली पंगत बसली, उठली. दुसरी बसली. बेबाबाई वाढत होती, आग्रह करत होती. "भाऊ, एवढ्यात हात आखडला? घ्या हो, थंडीचं पचतं." एकच गोष्ट तिला खटकली, नाना जेवत नव्हते. "पोट जरा जड शे," म्हणाले. मंडळी गेली. दोन-चार जवळची माणसं पान खात अंगणात थांबली. नाना स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "तू पण बसून घे आता."

इतक्या वर्षांत नाना असं कधी म्हणाले नव्हते. तिला बरं वाटलं. ती भिंतीला टेकून बसली, भरीत घेतलं, दीड भाकरी खाल्ली. हात धुऊन आली तेव्हा नाना दारातच उभे होते.

"हे बघ, घाबरू नको. भिकुअक्का गेली. सकाळीच गेली."

बेबाबाईने आधी बाहेर उन्हाकडे पाहिलं. ऊन कलत आलं होतं.

"सकाळी?"

"अकराला नवलचा फोन आला. आता लोक पानावर बसलेले, काय करणार? सुतक म्हटलं की सगळे उठून गेले असते, एवढं अन्न उकिरड्यावर. आणि तुलाही उपाशी कसं न्यायचं? म्हटलं जेवून घेऊ दे. मी पाहा, घासाला शिवलो नाही."

ती किंचाळली तेव्हा अंगणातली माणसं धावत आली. "तुम्ही मला जेवू घातलं? माझी अक्का पडली होती आणि तुम्ही मला जेवू घातलं?" ती मोरीकडे पळाली, घशात बोटं घातली. मोतीलालभाऊ मागे उभे होते, त्यांनी शब्दन् शब्द ऐकला. "नाना, आधी सांगायचं ना हो, आम्ही उठलो असतो," एवढं म्हणाले आणि गाडी काढायला गेले. गाडी काढली हे चांगलंच केलं म्हणायचं, बसने तर रात्रच झाली असती.

धुळे गेलं, साक्री गेलं. मागच्या सीटवर बेबाबाई पदर तोंडात कोंबून बसली होती. हाताला लसणाचा आणि धुराचा वास येत होता. ती सारखी एकच विचारत होती, "थांबले असतील ना? नवल थांबवेल ना? एवढं तोंड पाहू देतील ना?" नाना पुढं बसून म्हणाले, "थांबतील, थांबतील." हे बोलताना त्या माणसाची मान वळली नाही मागे.

पिंपळनेरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पुरुषमाणसं नदीवरून परत आली होती, ओली डोकी, अंगावर पंचे, दारात थंडीने कुडकुडत बसलेली. खाट उभी करून ठेवली होती. ती उभी खाट पाहिली आणि बेबाबाई ओट्याच्या पायरीवरच बसली.

नवल आला, पाया पडला. "मावशी, आम्ही थांबणारच होतो. पन नानाच म्हटले फोनवर, दिवस लहान शे, वाट पाहू नका, उरकून घ्या."

बेबाबाईने मान वर केली. नाना पुरुषांच्या घोळक्यात पोचले होते. कोणीतरी विचारलं असणार उशीर का झाला म्हणून, कारण नाना खालच्या, जड आवाजात सांगत होते आणि सगळे माना हलवत होते.

"पंचवीस माणूस घरात. निरोप आला. मी म्हटलं, चल, आत्ता निघू. पण हिचंच मन मोठं. म्हणाली, दारात आलेला माणूस उपाशी उठवायचा नाही. अक्कानेच तिला तसं शिकवलेलं. डोळ्यांतलं पाणी डोळ्यांत ठेवून सगळ्यांना वाढलं हिनं. कोणाला कळू दिलं नाही. मीच तिला म्हटलं, मग नवलला सांगतो उरकून घ्यायला."

"अरारारा," एक म्हातारे म्हणाले. "काय बाई म्हणावी."

बेबाबाई उठली. त्या घोळक्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा, नवऱ्याच्या तोंडासमोर, चारचौघांत.

"खोटं शे," ती म्हणाली. "माले माहीत नव्हतं. यांनी लपवलं. लोकांची जेवणं व्हावी म्हणून लपवलं, माझ्या हाताने वाढायला लावलं, मलापण जेवू घातलं. विचारा मोतीलालभाऊंना. भाऊ, तुम्ही होते ना? सांगा ना."

सगळे मोतीलालभाऊंकडे बघायला लागले. मोतीलालभाऊंनी नानांकडे पाहिलं, मग हातातल्या गाडीच्या किल्लीकडे. "आता वहिनी... झालं ते झालं. गडबडच तशी होती," एवढं ते म्हणाले आणि गाडीतून पाण्याची बाटली आणायला निघून गेले.

नानांनी उसासा सोडला. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. उलट इतक्या मायेने तिच्या पाठीवर हात ठेवला की पाहणाऱ्याचे डोळे भरून यावेत. "सकाळपासून कोंडून ठेवलेलं शे तिनं. आता फुटतंय."

"फुटू द्या," ते म्हातारे म्हणाले. "अशा वेळी मानूस भानावर राहत नही. पोरी, मावशीले आत ने."

नवलची बायको रत्ना बाहेर आली. तिने बेबाबाईच्या खांद्याला धरून आत नेलं. बायांनी जागा करून दिली. कोणीतरी कोरा चहा आणला. बेबाबाई एकीएकीचं तोंड पाहत म्हणत होती, "खरंच माहीत नव्हतं वं बायांनो." बाया मान हलवत होत्या, पदराने डोळे टिपत होत्या. रत्नाने चहाची कपबशी तिच्या हातात धरवली.

"प्या मावशी. तुमच्यासारखं मन आमचं नाही झालं असतं. आम्ही तर ताट टाकून पळालो असतो."

 बेबाबाईने चहा बाजूला ठेवला. कोपऱ्यात, जिथं भिकुबाईला ठेवलं होतं तिथली जमीन सारवलेली होती, अजून ओली होती, आणि त्यावर एक दिवा तेवत होता. ती सरकत सरकत त्या दिव्यापाशी गेली, बायांकडे पाठ केली आणि ओल्या जमिनीवर हात टेकून, कोणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "अक्का, माले माहीत नही व्हतं."